काउंटरवर गर्दी असली तरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, संध्याकाळी सात ते नऊ दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाही प्रत्येकाला थांबवून औषध समजावत बसायचं का?" मी घाईत 'हो' म्हणालो आणि तू गप्प झालीस. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून हे पत्र.

प्रत्येकाला नाही. पण कुणाला थांबवायचं हे चिठ्ठी हातात पडताच ओळखता यायला हवं. आणि ज्याला थांबवायचं त्याला, मागे कितीही लोक ताटकळत असोत, थांबवायचंच.

मी हे एका आजींमुळे शिकलो. माझं दुकान तेव्हा नवीन होतं. आजी निफाडकडच्या, संधिवाताची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. मी दहाची अख्खी स्ट्रिप दिली आणि हाताच्या सवयीनं पाकिटावर 'रोज सकाळी १' लिहून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, तोंड आलंय म्हणून जेल मागायला. ओठ सोललेले, पाणी गिळवत नव्हतं. कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारल्यावर त्यांनी पिशवीतून तीच स्ट्रिप काढली. एकच गोळी उरली होती.

हे औषध रोज पोटात गेलं की तोंडाच्या आतल्या त्वचेपासून हाडांतल्या मगजापर्यंत, जिथे जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे घाव घालतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. मी शटर ओढलं, रिक्षात त्यांच्याशेजारी बसलो आणि डॉक्टरांसमोर माझी चूक सांगितली. आजींना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण त्या नऊ गोळ्या मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून या गोळीच्या पाकिटावर मी 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहीत नाही. वार लिहितो, 'फक्त सोमवारी'. मग विचारतो, "सांगा बघू, मंगळवारी ही घ्यायची का?" "कळलं ना?" असं विचारू नकोस. पेठ-सुरगाण्याहून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस तुझा मान राखायला "हो" म्हणेल आणि घरी जाऊन शेजाऱ्याला विचारेल. त्याच्या तोंडून परत ऐकलंस, तरच ते पोचलं असं समज.

दुसरी थांबवायची माणसं म्हणजे लहान मुलांचे आईबाप. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि नेहमीच्या १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला २५. सिरप संपलं म्हणून रात्री कुणी घरातले थेंब त्याच मापानं पाजले, तर डोस चौपट होतो. म्हणून बाळाचं वजन विचार, आणि घरात आधीची कोणती बाटली उघडी आहे तेही विचार.

काही प्रश्न आपल्या भागाचेच असतात, ते पुस्तकात सापडायचे नाहीत. नवरात्राच्या तोंडावर मधुमेहाचा माणूस महिन्याची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन न्यायला आला, की "यंदा उपवास आहेत का? वणीच्या देवीच्या गडावर चालत जाणार का?" हे विचारायचंच. समोरच्याला ती घरगुती चौकशी वाटते, पण प्रश्न औषधाचाच असतो. पोट रिकामं, वणीपर्यंतची पायपीट आणि गोळी मात्र रोजचीच, असं झालं की साखर झपाट्यानं उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. डोस बदलणं आपलं काम नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगणं आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला लावणं मात्र आपलंच आहे.

तसंच द्राक्षाच्या हंगामात. बागेतून थेट आलेला मजूर म्हणतो, "डोकं दुखतंय, मळमळतंय, एखादी गोळी द्या." आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, तेव्हा त्याच्याच शब्दांत विचार, "आज कोणतं औषध मारलं?" घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर गोळी देऊ नकोस. सोबत माणूस देऊन, फवारणीच्या डब्यासकट, ताबडतोब सिव्हिलला पाठव.

चिठ्ठीत शंका आली तर डॉक्टरांना फोन करायला लाजू नकोस. "सर, अमुक गोळी रोज लिहिली आहे, तशीच द्यायची ना?" एवढं नम्रपणे विचारलं की बहुतेक डॉक्टर आभारच मानतात. एखादे चिडतील. चिडू देत.

सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकच्या "दोनच गोळ्या" चिठ्ठीशिवाय मागणारे रोज येतील. त्यांना नाही म्हण. २०१४ पासून या औषधांचं वेगळं रजिस्टर आहे, ते ३ वर्षं जपून ठेवावं लागतं, आणि ते भरणं तुझ्याच हातून व्हायला हवं.

आणखी एक. कुणीतरी म्हणेल, "नुसतं सर्टिफिकेट लाव, यायची गरज नाही, महिन्याचे पैसे घरपोच." अजिबात ऐकू नकोस. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. माझ्या हातून तर हजर असूनही ती चूक झाली. तू तिथे नसशील तर चूक पकडणारं कोणीच नसेल.

गर्दीचं म्हणशील तर काउंटरच्या कडेला एक स्टूल ठेव. माझ्या दुकानात ट्रेनिंगचे ५०० तास काढलेस, तेव्हा पाहिलंच असशील. "आजी, जरा बसा" म्हणायचं, पुढची तीन-चार बिलं उरकायची, मग त्यांच्याशी बोलायचं. मालकांनी कुरकुर केली तर स्टूल मी आणून देतो.

रविवारी घरी ये. येताना तुमच्या दुकानातलं एक कोरं पाकीट आण. त्यावर वार लिहायला जागा आहे का, ते बघू.

तुझा,
काका
नाशिक