घड्याळातला आकडा गाठायला धावू नका, भाऊ

धुळ्याच्या भाऊंनी लिहिलंय की अँजिओप्लास्टीला (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडतात ती) तीन महिने झाले, रोज चालतो, पण मनगटावरच्या घड्याळात नाडी शंभरीच्या वर जातच नाही. मग चालून उपयोग काय? वाचलं आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

तुमच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल किंवा तशी 'लोल'ने संपणारी एखादी आहे का बघा. ती नाडी चढू देत नाही, तिचं कामच ते. 220 वजा वय म्हणजे नाडीचा कमाल आकडा, हे गणित मग चुकतं. मला ते कुणी सांगितलं नाही. वय 52, म्हणजे 168, त्याचे सत्तर टक्के 118. तेवढी झालीच पाहिजे म्हणून मी जळगावच्या मेहरूण तलावावर चालायचं सोडून पळू लागलो. नवव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काठावरच बसलो. एका अनोळखी काकांनी घरी सोडलं.

राग येतो तो माझ्यावर उपचार झाले त्या दवाखान्याचा. डिस्चार्जच्या कागदावर 'नियमित व्यायाम करावा', बस्स. किती, कसा, हे विचारायला तीनदा गेलो. खिडकीवरून फिजिओकडे पाठवलं, तर खोलीला कुलूप. बिलात कापसाचाही हिशोब लिहिणाऱ्यांना अजून दोन ओळी लिहिता आल्या असत्या.

उपयोग होतोच, भाऊ. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, बीपीवाल्यांचा वरचा आकडा पाच-आठने उतरू शकतो. पण खाडे पडले की कमावलेलं ओसरतं, म्हणून लग्नसराईतही सोडू नका. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी धाप पुरे. आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू पोचा. थांबताना एकदम थांबू नका, शेवटची पाच मिनिटं रमत चाला. छातीत दुखलं तर मात्र तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो. साडेपाचलाच निघा, उशीर झाला तर घरातच चाला.

नाडी वाढावी म्हणून गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडणं धोक्याचं. गोळ्या चालू असतानाच टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यावरून आपली स्वतःची मर्यादा कळते. दुसऱ्या डॉक्टरांनी माझी केली, तेव्हा मला 104च्या पुढे जाऊ नका म्हणाले.