काकांना चारचौघांत खोडू नका

घरातल्या मोठ्यांशी खोट्या मेसेजबद्दल पहिल्यांदाच बोलणार आहात ना, मग एका वेळी एकच दावा धरा. निवडणूक आली की ‘यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, चॅलेंज व्होट मागा, मत देता येईल’ हा मेसेज फिरतोच. तो खोटा आहे. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. एवढंच सांगा आणि नाव तपासायला १९५० ही हेल्पलाइन द्या.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या:

- सगळ्यांदेखत ‘हे फेक आहे’ म्हणणं. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याच्या अफवेवरून मी हेच केलं. काका पाडव्यापर्यंत बोलले नाहीत!
- दहा लिंका फेकणं. कोणी उघडत नाही.
- पक्षावर घसरणं.

त्यापेक्षा बाजूला बसून विचारा, ‘काका, हे कुणी पाठवलं?’ मग थोडं गप्प राहा. तेच अवघड जातं.