पॅरिसमध्ये ‘वेलिब’ वापरू लागताना

2007 पासून पॅरिसमध्ये चालू असलेल्या ‘वेलिब’ या सार्वजनिक सायकल योजनेचे सदस्यत्व आपण नुकतेच घेतले आहे, तेव्हा सायकल निवडण्यापासून सुरुवात करतो. हिरवी सायकल साधी आणि निळी विजेवरची, हे लगेच लक्षात येते. परंतु एखाद्या सायकलचे सीट उलट दिशेला फिरवलेले दिसले, तर ती नादुरुस्त असल्याची खूण आधीच्या कोणीतरी पुढच्यासाठी करून ठेवली आहे, असे समजावे. (हा नियम कोणी काढलेला नाही, पण सगळे पाळतात.) उरलेल्या सायकलींचेही टायर दाबून, ब्रेक ओढून आणि साखळी पाहूनच सायकल सोडवून घ्यावी.

खरी कसोटी सायकल परत करताना लागते. ती सायकल-स्थानकावरच्या खाचेत जोर लावून ढकलावी आणि हँडलवरच्या पडद्यावर जमा झाल्याची खूण उमटेपर्यंत जागचे हलू नये, कारण ती नीट अडकली नाही, तर भाडे चालूच राहते. मोंमार्त्रच्या टेकडीवरून लोक सायकलने उतरतात आणि चढताना मेट्रो पकडतात, त्यामुळे वरची सायकल-स्थानके रिकामी आणि खालची भरलेली असतात. म्हणून निघण्यापूर्वीच ॲपवर मुक्कामाजवळचे दुसरे स्थानक हेरून ठेवावे.

तिथे वाहने उजवीकडून चालतात, हे वळताना विशेष ध्यानात ठेवावे. कानात इयरफोन घालून सायकल चालवल्यास 135 युरो दंड होतो.