घराच्या आणि सामानाच्या विम्याचा प्रीमियम वाजवी आहे का, हे कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: अमळनेरला स्वतःच्या प्लॉटवर बांधलेलं घर, आतून मोजलं तर हजार चौरस फूट. गृहकर्ज घेताना बँकेनं घर आणि सामान मिळून दहा वर्षांचा विमा सुचवला. विमा रक्कम ५५ लाख, प्रीमियम जीएसटीसकट २९,५०० रुपये. कर्जातच टाकून देतो म्हणाले. हे जास्त आहे का?

हो, तुमच्याकडून जास्त घेतले जात आहेत. मात्र ते दरामुळे नाही, ज्या रकमेवर दर लावला आहे त्या रकमेमुळे. मी भुसावळला विमा सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करून किंमत ठरवणाऱ्याच्या, कार्यालयात बरीच वर्षं क्लेमचे कागद तयार केले आहेत. हा घोळ इतक्या घरांत पाहिला की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी प्रीमियम सोलून बघू. २९,५०० मधून १८ टक्के जीएसटी काढला की २५,००० उरतात. दहा वर्षांनी भागले की वर्षाला अडीच हजार. ५५ लाखांवर अडीच हजार म्हणजे दर हजार रुपयांमागे वर्षाला साधारण ४५ पैसे. कोणतंही कोटेशन हातात आलं की आधी हा हजारी दर काढा. दोन कंपन्यांची तुलना त्यावरच होते, नुसता एकूण आकडा बघून होत नाही. २००७ पासून आगीच्या विम्याचे दर सरकारी तक्त्यातून सुटले, त्यामुळे त्याच घराला दोन कंपन्यांचे दर वेगळे येऊ शकतात. जळगाव किंवा धुळ्याला सरकारी विमा कंपन्यांच्या शाखा आहेत. तिथून एक आणि एखाद्या खासगी कंपनीकडून एक, अशी दोन कोटेशनं घ्या. विमा रक्कम, मुदत आणि कव्हर तंतोतंत तेच ठेवायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. ५५ लाख कुठून आले? बँकेच्या व्हॅल्युएशनमधून. त्यात तुमच्या प्लॉटची किंमत आहे. जमीन जळत नाही, पडत नाही, तिचा विमा होत नाही. घर पूर्ण जमीनदोस्त झालं तरी कंपनी देणार ती पुन्हा बांधायला लागणारी रक्कम. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विकणं बंधनकारक झालं. तिच्यात हिशेब स्पष्ट आहे: घराचं कार्पेट (आतून मोजलेलं) क्षेत्रफळ गुणिले पॉलिसी सुरू होतानाचा बांधकाम दर. तुमच्याकडचा मिस्त्री किंवा इंजिनिअर दोन हजार रुपये फूट म्हणत असेल, तर हजार फुटांचे २० लाख. कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, गच्चीवरचे सोलर पॅनल यांचा खर्च वेगळा लिहून त्यात मिळवा. सोलरचं नक्की लिहा. मे-जूनमधलं वादळ आपल्याकडे केळीबागांइतकंच पत्र्यांना आणि पॅनलांनाही उचलतं.

त्याच ४५ पैशांच्या दरानं २० लाखांचे दहा वर्षांचे साधारण ९,१०० रुपये होतात, जीएसटी धरून पावणेअकरा हजारांच्या आत. बाकीचे जवळजवळ १९ हजार तुम्ही अशा रकमेसाठी भरणार आहात जी क्लेममध्ये कधीच मिळणार नाही.

बँकेचे साहेब म्हणतील, "सिमेंट-वाळू महाग होतेय, रक्कम जास्त असलेली बरी." त्याची सोय याच पॉलिसीत आहे. एक वर्षापेक्षा लांब मुदतीत विमा रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यासाठी वेगळा प्रीमियम लागत नाही. म्हणून सुरुवातीला फुगवून लिहायचं कारण नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण पैसे वाचवायला काही जण २० लाखांचं घर १० लाखांना लिहून घेतात. जुन्या पद्धतीच्या पॉलिसींमध्ये अशा वेळी सरासरीची अट लागायची. निम्म्या रकमेचा विमा, तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख. भारत गृह रक्षामध्ये ही कपात नाही, पण विमा रकमेच्या वर एक रुपयाही नाही. त्यामुळे बांधकामाचा आकडा खराच लिहा.

कर्जात टाकून देतो, याला मात्र सरळ नाही म्हणा. २९,५०० वीस वर्षांच्या कर्जात घातले आणि व्याज ९ टक्के धरलं, तर महिन्याला २६५ रुपये, म्हणजे एकूण ६३ हजारांच्या वर. विमा दहा वर्षांचा आणि त्याचे हप्ते वीस वर्षं! रक्कम नीट केल्यावर प्रीमियम रोख भरता येण्याइतकाच राहतो. घराचा विमा असावा ही बँकेची अट रास्त आहे, पण तो तिच्याच जोडीदार कंपनीकडून घेतला पाहिजे असं बंधन नाही. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेऊन त्यावर बँकेचं नाव लावून दिलं की काम होतं.

आणखी एक तपासा. काही जण घराच्या विम्याच्या नावाखाली कर्जदाराच्या आयुष्याचा विमा हातात देतात. घराला आग लागली तर त्यातून काही मिळत नाही. कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फिटतं. तो वाईट नाही, पण ती निराळी वस्तू आहे आणि तिचा प्रीमियम वयावर ठरतो. कागदावर तुमची जन्मतारीख आणि तब्येतीचे प्रश्न असतील, तर समजून जा.

सामानाचं बघू. भारत गृह रक्षामध्ये घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं, यादी द्यावी लागत नाही. तुमच्या २० लाखांवर ४ लाख झाले. फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, एसी, दिवाण, कपाटं, भांडी, शिलाई मशीन, गाद्या, सगळ्यांची आजची नवी किंमत मांडून पाहा. चार लाखांत बसत असेल तर सामानाच्या वेगळ्या रकमेची गरज नाही. कोटेशनमध्ये सामानाची वेगळी ओळ आणि वेगळे पैसे असतील, तर ती रक्कम या आपोआपच्या रकमेपेक्षा किती जास्त आहे ते विचारा. तसंच 'पूर' आणि 'भूकंप' अशा वेगळ्या ओळी लावून पैसे मागितले असतील, तर तेही विचारा. या पॉलिसीत आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर हे सगळं मूळ प्रीमियममध्येच आहे. बोरीचं पाणी घरात शिरलं तर ते मूळ कव्हरमध्येच येतं.

चोरीचं मात्र लक्ष देऊन वाचा, आपल्याकडे सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. या पॉलिसीत चोरी धरलेली आहे ती फक्त आग, पूर अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलूप लावून गावाला गेलात आणि घरफोडी झाली, तर काही मिळणार नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बँकेच्या कोटेशनमध्ये ते असेल तर प्रीमियम थोडा जास्त असणं रास्त आहे. नसेल तर तुम्ही ते आहे असं समजून पैसे भरत आहात.

दागिने सामानात येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं कव्हर निवडावं लागतं. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण आजच्या सोन्याच्या भावात लाखाच्या आत साधी पोतही बसत नाही, म्हणून सराफाकडून दाखला घेऊनच ठेवा. सोन्याची बिस्किटं, नाणी आणि रोकड मुळात बाहेर आहेत. कपाशीचे आलेले पैसे कपाटात असतील तर त्यांना विमा नाही. दारातली मोटारसायकलही यात नाही. दागिने लॉकरमध्ये असतील तर १ जानेवारी २०२२ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम माहीत असू द्या: बँकेत चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख.

आपल्या भागातल्या दोन तक्रारी नेहमीच्या. काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात भेगा पडतात, पाया हलतो. नेहमीचे तडे, नव्या बांधकामाचं बसणं, सदोष बांधकाम हे पॉलिसी देत नाही. आणि व्होल्टेज वाढून एसी जळाला, तर शॉर्ट सर्किटनं त्याच यंत्राचं झालेलं नुकसान मिळत नाही. त्यातून आग पसरून बाकीचं घर जळालं तर ते मिळतं. या दोन्ही बाबतींत एजंटनं तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हटलं असेल, तर त्याला कलम दाखवायला सांगा.

सासरचं गावाकडचं धाब्याचं घरही यात घालायचं म्हणालात. त्याची वेगळी पॉलिसी करा. प्रपोजल फॉर्मवर भिंती कशाच्या, छत कशाचं ते जसंच्या तसं लिहा. पक्कं लिहून प्रीमियम कमी झाला, तर सर्व्हेअर येईल तेव्हा पहिला प्रश्न तोच निघेल.

आता करायचं एवढंच. बँकेला लेखी कळवा की विमा रक्कम बांधकाम खर्चावर धरून, जमीन वगळून, नवं कोटेशन द्यावं. घरफोडी आणि दागिन्यांचा प्रीमियम वेगळ्या ओळीत दाखवावा. पॉलिसी आधीच निघाली असेल तरी घाबरू नका. २०२४ पासून वैयक्तिक ग्राहक कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो, आणि बहुवार्षिक पॉलिसीत सुरू न झालेल्या वर्षांचा प्रीमियम परत मिळतो. कंपनीनं दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. महिनाभर वाट पाहूनही उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. नवं कोटेशन आलं की आकडे इथे टाका, मी हजारी दर काढून देतो.