मेंदूचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, तरी आईचं डोकं रोज दुखतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत गाठ काढली, टाके कोरडे आहेत, नवा स्कॅनही चांगला आहे. तरी तासगावात घरी आईंचं कानशील ठणकतं आणि मेडिकलमधून आणलेली गोळी रोज पोटात जाते.

मला आधी शंका त्या गोळीचीच येते. साधी पॅरासिटामॉल महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन मिसळलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली की गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाचे खाडे मांडता तिथंच, किती वाजता दुखलं, दहापैकी किती आणि कुठली गोळी घेतली ते लिहा. गोळीच्या दिवसाला गोल करा. महिनाअखेरीला गोल मोजून न्यूरोसर्जनना दाखवा. गोळी कशी कमी करायची ते तेच सांगतील. फिटची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

आता कानशील. तिथून कवटी उघडताना चावण्याचा स्नायू कापून पुन्हा शिवतात. आईंना तोंड उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर स्नायू आखडलेला असू शकतो. फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे व्यायाम शिकून घ्या, तोवर भाकरी आमटीत कुस्करून द्या. वणावर हलकं दाबल्यावर एकाच जागी विजेसारखी कळ येत असेल तर नस अडकलेली असू शकते. डॉक्टरांना ती जागा बोट ठेवून दाखवा, तिथं भुलीचं इंजेक्शन देता येतं.

दुखणं मुळात कमी यावं म्हणून डॉक्टर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन देतात, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, गुण यायला काही आठवडे लागतात. ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणून चौथ्या दिवशी बंद करणारे नातेवाईक घरोघरी असतात, त्यांचं ऐकू नका.

उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर मेंदूभोवतीचं पाणी गळतंय का ते तपासावं लागतं. पहाटे दुखून उलटी होत असेल तर आतला दाब बघावा लागतो. यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. ताप येऊन मान आखडली, नाकातून किंवा वणातून पाणी आलं, वण फुगला, गुंगी, फिट किंवा हातापायात कमजोरी आली, तर सकाळच्या एसटीवर थांबू नका. 108 ला फोन करा, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची सीडी घेऊन त्याच रात्री मिरज गाठा.