खांद्यावर नेता येणाऱ्या क्षेपणास्त्राने एकटा जवान रणगाडा थांबवू शकतो का?

थांबवू शकतो, पण एकटा नाही. मी पायदळाच्या सपोर्ट कंपनीत, म्हणजे जड हत्यारं सांभाळणाऱ्या तुकडीत, मिलान या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा फायरर, म्हणजे ते डागणारा, होतो, निवृत्तीनंतर नागपुरात असतो. म्हणून मिलानचंच सांगतो.

मूळ फ्रान्स-जर्मनीचं, फ्रेंचमध्ये मिलान म्हणजे घार. आपल्याकडे हैदराबादची भारत डायनॅमिक्स बनवते. नेतात खांद्यावर, पण उडवताना तिपाई जमिनीवर मांडून मागे पालथं पडायचं. लाँचर १६-१७ किलो, नळीतलं क्षेपणास्त्र सुमारे १२ किलो. एवढं ओझं दोघातिघांनी वाटून घ्यावं लागतं.

ट्रिगर दाबला की ते बारीक तार सोडत निघतं. त्याच्या शेपटाकडची खूण लाँचरला दिसते, ते रेषेपासून किती सरकलं याचा हिशेब होतो आणि दुरुस्ती तारेतून जाते. फायररने दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची. २ किलोमीटर जायला साधारण १२-१३ सेकंद लागतात. व्हरायटी चौकात लाल सिग्नलचे शेवटचे १२ आकडे मोजून बघा. तेवढा वेळ नजर हलवायची नाही, आणि समोरच्याने तुमची धूळ पाहिलेली असते. उन्हाळ्यात तर आपल्या रस्त्यावर हवा थरथरते तसा दुर्बिणीत रणगाडाच थरथरतो.

पहिल्या खऱ्या फायरला उस्ताद, म्हणजे शिकवणारे, मागून एकच सांगत होते, "क्रॉस धर, क्रॉस धर." रोखलेला श्वास टार्गेटवर धूर दिसल्यावरच सुटला. पुढे गेलो तर बाभळीवर अडकलेली तार केसासारखी चमकत होती.

क्षेपणास्त्र लागलं की रणगाड्याचं पोलाद वितळतं असा बऱ्याच जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे. स्फोटाने तांब्याचा शंकू दबून त्याची बारीक, प्रचंड वेगाची धार होते, ती पोलाद भेदते. ही धार मोडण्यासाठी रणगाड्यांवर स्फोटक विटा आल्या तेव्हा मिलान-२टीमध्ये दोन स्फोटकं बसवली: नाकावरचं छोटं वीट उडवतं, मागचं आत शिरतं.

अमेरिकेचं जॅव्हलिन सोडलं की स्वतःच लक्ष्य धरतं आणि वरून, पातळ छतावर आदळतं. आपलं नागही स्वतःच लक्ष्य धरतं, पण ४० किलोंच्या वर असल्याने गाडीवरून उडवावं लागतं. माणसाने नेण्यासाठी डीआरडीओने १५ किलोंच्या आतलं वेगळं क्षेपणास्त्र केलंय, सप्टेंबर २०१८मध्ये अहमदनगरला त्याची चाचणी झाली. त्यात फायरर ट्रिगर दाबून लगेच जागा सोडू शकतो. आम्हाला ते १२ सेकंद तिथेच पडून राहावं लागायचं.