संसदेचा वचक : दिवस वाढवून भागेल का?

प्रश्न : दर डिसेंबरात आमच्या नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते, मोर्चे धडकतात, लक्षवेधी सूचना लागतात आणि बघता बघता सारे आटोपते. दिल्लीतही फारसे वेगळे दिसत नाही. सरकारला खरोखर जाब विचारला जावा यासाठी संसदेच्या बैठका वाढवणे पुरेसे आहे का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : बैठका वाढायलाच हव्यात. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या, न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० बैठकांची शिफारस केली होती. राज्यघटना मात्र दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक खंड पडू नये, एवढेच सांगते. अधिवेशन कधी बोलवायचे आणि किती दिवस चालवायचे, हे व्यवहारात सरकारच ठरवते. ज्याला जाब द्यायचा आहे त्यानेच तारीखही ठरवावी, असा हा प्रकार आहे.

तरीही केवळ दिवस वाढवून भागणार नाही. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीचे, प्रश्न निवडले जातात, तासाभरात त्यांतल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळते आणि मंत्र्याची खरी परीक्षा पाहणारे पूरक प्रश्न तेवढ्यांवरच विचारता येतात. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन ठरते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते आणि सरकारी आश्वासन समिती पाठपुरावा करते. मात्र मुदतवाढ मागण्याची सोय असल्याने उत्तर येईपर्यंत विषयच शिळा झालेला असतो.

याहून मोठी अडचण पक्षादेशाची, म्हणजे ‘व्हिप’ची आहे. आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची ५२वी घटनादुरुस्ती झाली, पण तिच्यामुळे साध्या विधेयकावरही पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची खासदारकी जाऊ शकते. सत्ताधारी बाकांवरचा सदस्य मग मंत्र्याला अडचणीत कशाला आणेल? विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतीच अपात्रता ठेवावी, असे निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. पक्षादेश सैल केला तर घोडेबाजार वाढेल, ही भीती खोटी नाही. पण कायदा असतानाही पक्ष कसे फुटतात, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलेच आहे.

माझ्या मते सर्वाधिक फळ देणारी सुधारणा समित्यांची आहे. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. आज त्या चोवीस असून प्रत्येकीत एकतीस सदस्य असतात. बंद दाराआड, कॅमेऱ्यांपासून दूर बसत असल्याने तेथे खासदार पक्षाची झूल उतरवून सचिवांना आकडे विचारतात. परंतु विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. त्यात समित्यांची मुदत एकच वर्षाची, त्यामुळे संरक्षण किंवा रेल्वेच्या हिशेबात सदस्याची नजर बसू लागते न लागते तोच फेररचनेत त्याला दुसरीकडे हलवले जाऊ शकते. महत्त्वाचे प्रत्येक विधेयक समितीकडे जावे आणि समितीची मुदत लोकसभेइतकीच असावी, एवढे दोन बदल आधी करावेत; त्यांसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, दोन्ही सभागृहांनी आपापल्या कामकाजाचे नियम बदलले तरी पुरते.